बनाबाईचे पाय

डॉक्टर राहत मॅडमनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांचा आवाज पहिल्या दोन वेळांपेक्षा हळू होता, आणि तेच ऋतुजाला खटकलं. माणूस चढ्या आवाजात विचारतो तोवर त्याला उत्तर हवं असतं. हळू विचारायला लागला की उत्तर त्याच्यापाशी असतं, फक्त तुमच्या तोंडून ऐकायचं असतं. वकिलाच्या ऑफिसात तीन वर्षं टायपिंग करून एवढं तिला कळायला लागलं होतं.

"स्टेरॉइड. गोळी, इंजेक्शन, पुडी, काहीही. घेतात का?"

"न्हाय ओ मॅडम," धनाजी म्हणाला. "आईला कसलंच औषध न्हाय. या वयात सरपणाचा भारा उचलती ती."

"गुडघे दुखत नाहीत त्यांचे?"

"दुखायचे की. आता न्हाईत."

"कशानं थांबले?"

धनाजीनं बायकोकडं बघितलं. पूनमनं भिंतीकडं बघितलं. भिंतीवर पंखा जोरात चालवू नये अशी सूचना होती, ती तिनं दोनदा वाचली.

सकाळी सातला बनाबाई मेंढरांच्या वाड्यात पडली. चार दिवस पोट जड आहे म्हणत होती, उलट्या होत होत्या, तरी ओवा खाऊन हिंडत होती. होटगीच्या पुढच्या वस्तीवरून जीप करून तिला सोलापुरात आणेपर्यंत तिचे ओठ कोरडे पडले होते. सात रस्त्याजवळचं हे हॉस्पिटल ऋतुजाला माहीत होतं, कारण तिचं ऑफिस पलीकडच्या गल्लीत होतं. तिचा नवरा जोतिराम, धनाजीचा धाकटा भाऊ, रेल्वेत, ड्युटीवर वाडी जंक्शनला गेलेला. पुढची गाडी मिळेल तशी येतो म्हणाला होता.

राहत मॅडम भूल देणाऱ्या डॉक्टर. त्यांनी ऋतुजाला कडेला घेतलं. तिच्या कडेवरची चौदा महिन्यांची लेक पायल त्यांच्या स्टेथोस्कोपला हात घालायला लागली.

"तुम्ही शिकलेल्या दिसता, म्हणून नीट सांगते. एक्सरेत पोटात हवा दिसतेय. म्हणजे आतडं फुटलंय. असं फुटलं की माणूस लोळतो, पोट पाटासारखं कडक होतं, ताप चढतो. आणि या मला म्हणतात, थोडं दुखतंय. काहीतरी झाकतंय ते. दोन बाटल्या सलाईन गेली, बीपी वर येत नाही. हातावरची चिकटपट्टी काढली तर कातडी सोलून आली. आणि चेहरा बघा ना त्यांचा."

ऋतुजानं दाराच्या काचेतून बघितलं. बनाबाईचा चेहरा गोल, गाल वर आलेले, हात मात्र काटकुळे आणि त्यांवर जांभळे डाग. हा चेहरा ती रोज बघत होती. नात आली आणि आज्जीला बाळसं आलं, असं वस्तीवरच्या बायका म्हणायच्या. तीही हसली होती त्यावर.

"आपलं शरीर स्वतःच स्टेरॉइड तयार करत असतं," मॅडम सांगत होत्या. "बाहेरून वर्षानुवर्षं मिळालं की शरीर तयार करायचं सोडून देतं. मग बाहेरचं एकदम थांबलं आणि त्यातच असं संकट आलं, की बीपी कोसळतं. मी नुसत्या संशयावर इंजेक्शन सुरू केलंय, त्यासाठी थांबणार नाही. पण ऑपरेशन करणाऱ्या सरांना पोट उघडल्यावर ठरवायचंय. आतडं तिथल्या तिथं शिवायचं, की त्याचं तोंड पोटावर काढून पिशवी लावायची. बरीच वर्षं स्टेरॉइड घेतलेल्या माणसाचं शिवलेलं लवकर धरत नाही. शिवलं आणि चार दिवसांनी उसवलं, तर दुसऱ्यांदा टेबलावर घ्यायला त्या उरणार नाहीत."

"पिशवी म्हणजे शी त्यातनं..."

"हो. काही महिने. कदाचित कायमची."

"पिशवी नगं," मागून धनाजी म्हणाला. तो कधी जवळ आला हे कळलंच नव्हतं. "नुसत्या संशयावर तुमी माज्या आईच्या पोटाला भोक पाडनार? सही मी करनार हाय. शिवायच्या कागदावर करनार. पिशवीच्या न्हाय."

"मग मला संशय नको, खात्री द्या," राहत मॅडम म्हणाल्या. "काय घेत होत्या, किती, कधीपासून, शेवटचं कधी. रक्ताच्या पिशव्या आल्या की आत घेणार. अर्धा तास समजा."

ऋतुजाच्या डोक्यात एकच गोष्ट आली आणि ती बाजूला सरकेना. पूनमची पुडी.

पूनमचं माहेर अक्कलकोटच्या अलीकडं. तिची आई निंगव्वा दर दोन महिन्यांनी गुडघ्यासाठी एक तपकिरी पूड पाठवायची, वर्तमानपत्रात बांधून. बनाबाई ती गरम पाण्यातून घ्यायची आणि "गुण हाय निंगव्वाच्या हाताला" म्हणायची. ऋतुजानं गेल्या महिन्यात त्या पुडीचा फोटो काढून ठेवला होता. का काढला ते तिला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. लेकरू त्याच घरात रांगत होतं, एवढंच.

"अक्का," ती पूनमशेजारी बाकावर बसली. "त्या पुडीत काय असतं?"

पूनमनं मान वळवली नाही. "हिरडा, सुंठ, मेथी."

"नक्की?"

"माझी अव्वा पाट्यावर वाटती ती. म्या सोता बघितलंय."

"वाटताना बघितलंय. मिसळताना?"

आता पूनमनं मान वळवली.

*

सहा वर्षं झाली होती पूनमला या घरात, आणि या सहा वर्षांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. भाकरी किती, धुणं झालं का, मेंढरांना पाणी पाजलं का, एवढंच. आज पहिल्यांदा विचारलं तर हे.

"फोटू काढलास तवाच वळकलं म्या," ती म्हणाली. "चुलीम्होरं हुते मी. मला वाटलं, इचारंल. न्हाय इचारलंस. फोटू काढून फोन ठिवून दिलास पिशवीत."

ऋतुजानं पायलला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"मला बी इचारायचंय तुला. इचारू?"

"विचारा."

"त्या बाटल्या तू कुटनं आनतीस?"

"कसल्या बाटल्या?"

पूनमनं तिच्या तोंडाकडं नीट बघितलं. हिला खोटं बोलता येतं का, हे तिला अजून कळलेलं नव्हतं. शिकलेल्या बायकांचं तोंड वाचायला वेळ लागतो. उकिरड्यावर राख टाकायला गेलं की तिला बाटल्या सापडायच्या. अंगठ्याएवढ्या, काचेच्या, रबरी बुचाच्या. पहिल्यांदा वाटलं, मेंढरांच्या असतील. पण एवढ्या वेळा मेंढरं आजारी पडत न्हाईत. पायल झाल्यापासून तर बाटल्या वाढल्याच. आणि सासू, जी भिंत धरून उठायची, ती नात कडेवर घेऊन विहिरीपर्यंत जायला लागली. पूनमनं आपल्या मनानं हिशोब घातला होता. शहरात कोण जातं रोज? ऋतुजा. सासू उठती राहण्यात फायदा कुणाचा? ऋतुजाचा. आठच्या गाडीला जायचं, सहाला यायचं, लेकरू सासूच्या गळ्यात.

हे सगळं तिनं सांगितलं. आवाज न चढवता, एका दमात.

ऋतुजाचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. "तुम्हाला वाटलं मी आत्यांना इंजेक्शनं देते?"

"तुला वाटलं माझी अव्वा इख घालती."

पायलनं पूनमच्या गळ्यातले मणी धरले. पूनमनं ते सोडवले नाहीत.

"अजून एक हाय," पूनम खालच्या आवाजात म्हणाली. "मगाशी सिस्टरनी त्यांचं लुगडं बदलाय लावलं मला. कमरंखाली गाठी हाईत, दोन्ही बाजूला. सुया टोचल्याच्या."

"रोज टोचल्यासारख्या?"

"लई."

"आत्यांना स्वतःला मागं हात नेऊन नाही जमणार."

"न्हाय जमनार."

"मला सुई देता येत नाही, अक्का. तुम्हाला?"

"मला बी न्हाय. ह्येनला तर रगात बघून चक्कर येती."

दोघींची नजर एकदमच खिडकीकडं गेली. खिडकीखाली गाड्या लावायच्या जागेत एक लिंबाचं झाड होतं, त्याच्या बुंध्याला टेकून त्यांचा सासरा धुळा बसला होता. खांद्यावर घोंगडं, एक हात बंडीच्या खिशावर. दर पावसाळ्याआधी सगळ्या वस्तीची मेंढरं त्याच्याकडं आणायचे. डॉक्टरची वाट बघायला लागायची नाही. मेंढरू गुडघ्यात दाबून धरायचं, कातडी चिमटीत उचलायची आणि सुई गेली हे त्या जनावरालाही कळायचं नाही.

*

दोन्ही सुना शेजारी शेजारी चालत आपल्याकडं येताना धुळानं आजवर कधी बघितल्या नव्हत्या. त्या अजून वीस पावलांवर होत्या, तेव्हाच त्याला समजलं.

डॉक्टरीणबाईनं त्यालाही विचारलं होतं. गोळी घेती का? न्हाय. पुडी? पूनमच्या आईची. इंजेक्शन? त्यानं मान हलवली होती. ती बाई माणसाच्या औषधाचं विचारत होती. त्यानं टोचलं ते माणसाचं नव्हतंच.

"मामा," ऋतुजा म्हणाली, "आत्यांना सुई तुम्ही देता."

विचारलं नाही, सांगितलं. त्यानं बंडीवरचा हात हलवला नाही.

"भंडारा उचलून सबुद दिलाय तिला," तो म्हणाला. "बिरोबाम्होरं. कुणाला सांगनार न्हाय म्हनून."

"मामा," पूनम म्हणाली, "त्या गेल्यावर ह्यो सबुद कुनासाठी पाळनार तुमी?"

पूनम कधी बोलत नसे. म्हणूनच असेल, त्यानं मान वर केली. मग खिशातून एक बाटली काढली, भरलेली, आणि कागदात गुंडाळलेली सुई.

"संगं आनलीया. वाटलं, एकटी गावली तर टोचीन. सुई चुकली म्हनूनच पडली ती. पर ही मानसं खोलीत जाऊ द्यायनात."

"शेवटची कधी दिली?"

"मागल्या सुक्करवारी. पुढची द्यायच्या दिशी उलट्या सुरू झाल्या. म्हनलं, सुईनंच का काय. म्हनून दिली न्हाय."

"आणि सुरुवात कधी झाली?"

"तीन वरसं झाली. एक येडका लंगडत हुता, तेला दिली. चौथ्या दिशी पळाय लागला. म्या हिला चेष्टेनं म्हनलं, तुला बी देऊ काय? ती म्हनली, द्या." त्यानं बाटली तळहातावर फिरवली. "मेंढराला एक माप. ही पन्नास किलूची, म्हनून दीड. आदी महिन्याला एकदा. मग पंदरा दिसाला. पायल झाल्यावर चार दिसाला. भिंत धरून उठायची, लेकरू कसं उचलनार? म्हनली, धाकटीला कळलं तर नोकरी सोडंल ती. सोडू द्यायची न्हाय. शिकलीया पोरगी."

ऋतुजाच्या कडेवर पायल होती. अचानक तिला ती फार जड वाटली. श्रावणात लेकराला खोकला झाला होता. ती दोन दिवस औषधाच्या बाटल्या वाचत बसली होती, आणि तिसऱ्या दिवशी ऑफिसातून घरी आली तर खोकला गेलेला. आत्या म्हणाल्या होत्या, दृष्ट काढली.

"पायलला दिली?" तिनं विचारलं. आवाज तिचाच होता, पण तिला तो ओळखू आला नाही.

"मेंढराचं औशद लेकराला दीन व्हय मी?"

"आत्यांना दिलंतच की."

धुळानं सुनेच्या पायांकडं बघितलं. मग म्हणाला, "ती मागायची. लेकरू मागत न्हाय."

हे खरं की खोटं, ते ऋतुजाला कळलं नाही. खरं असावं असं मनापासून वाटत असतानाही कळलं नाही. पण वर रक्ताच्या पिशव्या आल्या असतील. तिनं बाटली त्याच्या हातातून घेतली, मग थांबली आणि परत दिली.

"तुम्हीच द्या मॅडमच्या हातात. माप सांगायला मला नाही येणार."

*

राहत मॅडमनी बाटलीवरचं बारीक अक्षर उजेडात धरून वाचलं आणि डोळे मिटून घेतले. "डेक्सामेथासोन. या अल्ला." मग त्यांनी धुळाला खुर्ची दिली. त्या ओरडतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी फक्त प्रश्न विचारले. एका वेळी किती? सुई उकळायचा का? आठ दिवसांत एकही नाही? धुळानं मेंढराच्या मापानं उत्तरं दिली आणि त्यांनी ती माणसाच्या मापात लिहून घेतली.

"सुई चुकली म्हणून पडल्या, असं म्हणालात ना तुम्ही?" त्या शेवटी म्हणाल्या. "ते निम्मं बरोबर आहे. आतडं फुटलं ते वेगळं. पण सुयांनी ते झाकून ठेवलं, आणि सुई थांबली तेव्हा अंगात लढायला काही उरलं नाही. हे तासाभरापूर्वी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, बाबा. पण आत्ता सांगितलंत, हेही कमी नाही."

त्या आत गेल्या. तोवर गप्प उभा असलेला धनाजी बापाच्या अंगावर आला.

"आबा, तुमी आईला मेंढरू समजलासा?"

धुळानं खांद्यावरचं घोंगडं मांडीवर घेतलं.

"तीन वरसं! माज्या आईला! म्या तिकडं मॅडमला छातीठोक सांगतोय, आई कणखर हाय, आणि तुमी..."

"तुमी कवा इचारलं का, त्या कशानं उठायला लागल्या म्हनून?" पूनम म्हणाली.

"तू गप."

"न्हाय गप बसत. म्या बाटल्या बघितल्या, मी न्हाय इचारलं. हिनं पुडीचा फोटू काढला, हिनं न्हाय इचारलं. तुमी आईनं उचललेला भारा बघितला, तुमी न्हाय इचारलं. सगळ्यांनाच त्या उठून चालायला पायजे हुत्या. एकट्या मामांवर कशाला घालताय?"

धनाजीनं ऋतुजाकडं बघितलं. आजवर घरात भांडण झालं की ऋतुजा त्याच्या बाजूनं असायची. निदान त्याला तसं वाटायचं. ती पूनमच्या शेजारी उभी होती.

"दादा, सही करा," ती म्हणाली. "पिशवीच्या कागदावर."

"आई पूजेला बसती. देवाला जाती. पोटाला पिशवी बांधून तिनं..."

"देवाला जायला आधी असायला पाहिजेत ना त्या."

सिस्टर कागद घेऊन उभी होती. धनाजीनं पेन घेतलं. पहिल्या वेळी ते उमटलं नाही. त्यानं तळहातावर गिरवून बघितलं आणि मग सही केली.

स्ट्रेचर बाहेर आलं तेव्हा बनाबाईचे डोळे उघडे होते. तिनं नवऱ्याकडं बघितलं, मग त्याच्या रिकाम्या हातांकडं.

"सांगितलंसा?" तिनं विचारलं.

धुळानं मान डोलावली.

तिनं तोंड फिरवलं. दार बंद झालं तरी तो मान डोलावतच होता.

*

ऑपरेशन साडेतीन तास चाललं. सर्जन बाहेर आले तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की आतडं ओल्या कागदासारखं झालं होतं, शिवलं असतं तर टाक्यांतूनच फाटलं असतं. पिशवी लावली. पहिले तीन दिवस बनाबाई सलाईनवर, नळ्यांत. स्टेरॉइड शिरेतून, रोज थोडं कमी करत. जखमेच्या कडा उशिरा धरतील, जंतू लागू देऊ नका, असं रोज कुणीतरी सांगून जायचं. जोतिराम आला, बापाशी एक शब्द न बोलता आईच्या पायाशी बसला, आणि दोन दिवसांनी ड्युटीवर गेला. पिशवी बदलायला पूनम शिकली. ऋतुजा सिस्टरचं बोलणं वहीत लिहून घ्यायची, आणि पूनम ती वही न बघता हातांनी करायची.

ऋतुजानं ऑफिसातून पंधरा दिवसांची रजा घेतली होती. रजा संपल्यावर काय करणार, ते तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं. पाचव्या दिवशी ती पायलला मुलांच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. त्यांनी वजन बघितलं, पोट चाचपलं, दोन तपासण्या केल्या आणि सगळं ठीक आहे म्हणाले. तिनं पुन्हा विचारलं. ते पुन्हा ठीक म्हणाले. ती घरी आली आणि तिनं लेकराचं अंग उजेडात धरून, सुईची खूण शोधत, बोटाबोटानं तपासलं. काही नव्हतं. मग परत एकदा तपासलं.

सहाव्या दिवशी सकाळी राहत मॅडमनी सांगितलं, आता तोंडातून गोळी सुरू. रोज सकाळी आठला, खाल्ल्यावर. एक दिवस चुकवायची नाही, आपल्या मनानं वाढवायची नाही, कमी करायचीही नाही. बरेच महिने चालेल. "एका माणसानं जबाबदारी घ्या," त्या म्हणाल्या, "म्हणजे घोळ होत नाही."

"मी घेते," ऋतुजा म्हणाली. कुणी दुसरं बोलायच्या आत म्हणाली.

बनाबाईला बसतं केलं होतं. चेहरा अजून गोलच होता, पण डोळे आत गेलेले. पूनमनं तिला पातळ भात भरवला. ऋतुजानं पाकिटातून पांढरी गोळी काढली, पाण्याचा पेला घेतला आणि पुढं केला.

बनाबाईनं गोळीकडं बघितलं. मग ऋतुजाकडं. तोंड उघडलं नाही.

"आत्या, घ्या. डॉक्टरांनी दिलीय."

"कसली हाय?"

"तीच. तुमच्या अंगाला लागते ती. मापात."

"तू कसं सांगतीस, तीच हाय म्हनून?"

"पाकिटावर लिहिलंय." तिनं पाकीट दाखवलं, आणि दाखवतानाच तिच्या लक्षात आलं की बनाबाईला वाचता येत नाही.

म्हातारी ओठ दाबून बसून राहिली. खोलीत धनाजी होता, पूनम होती, दारात सिस्टर थांबली होती. सगळ्यांनी आळीपाळीनं समजावलं. धनाजीनं हात जोडले. सिस्टरनं आवाज चढवला. बनाबाईची नजर दाराबाहेर होती. तिथं सहा दिवस धुळा उभा होता, कारण आत येऊ नका असं धनाजीनं त्याला सांगितलं होतं.

"त्येंनी बघितलीया का?" तिनं विचारलं.

ऋतुजा पेला धरून उभी राहिली. हाच माणूस. जनावराच्या मापानं तीन वर्षं. तिला हसू यावं की रडू, ते समजेना. आणि घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

ती दारापर्यंत गेली आणि तळहात पुढं केला.

"मामा, बघा."

धुळानं धनाजीकडं बघितलं. धनाजी खिडकीकडं वळला. म्हाताऱ्यानं गोळी दोन बोटांत उचलली, उजेडाला धरली, उलटी केली. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"हीच हाय," तो म्हणाला. "घे."

बनाबाईनं तोंड उघडलं.